मोठा फोन, दोन हात

२०११च्या सप्टेंबरमध्ये बर्लिनच्या 'इफा' प्रदर्शनात सॅमसंगनं पहिला गॅलक्सी नोट दाखवला, तेव्हा त्याची ५.३ इंचांची स्क्रीन बघून हा फोन म्हणायचा की टॅब, असा प्रश्न अनेकांना पडला होता. आज तेवढ्या स्क्रीनचा नवा अँड्रॉइड फोन दुकानात मागितला, तर मिळणं अवघड. साडेसहा ते सात इंचांचे फोन आता स्वस्तातल्यांपासून लाखाच्या पुढच्यांपर्यंत सगळ्या किमतींत आहेत. त्यामुळे मोठा फोन घ्यावा की नाही, हा प्रश्न बहुतेकांपुरता संपला आहे. तो हातात आलेलाच आहे. तो त्रास न होता, पुरेपूर आणि बरीच वर्षं कसा वापरायचा, हे मात्र कुणी सांगत नाही.

मोठा फोन वापरणाऱ्यांकडून दोन गोष्टी हमखास ऐकायला मिळतात. 'आता लहान फोन नको वाटतो, डोळ्यांना बरं पडतं,' ही एक. 'अंगठा दुखतो, फोन हातातून निसटतो, खिशात मावत नाही,' ही दुसरी. बऱ्याचदा एकच माणूस दोन्ही सांगतो आणि दोन्ही खरं असतं. फोन मोठा झाला, पण वापरायची सवय लहान फोनचीच राहिली, हे त्यामागचं कारण. मोठा फोन हा दोन हातांचा फोन आहे. ही गोष्ट एकदा मान्य केली, की खरेदीपासून चार्जिंगपर्यंतचे बरेच निर्णय सोपे होतात.

इंच बघू नका, रुंदी बघा

जाहिरातीतले इंच म्हणजे स्क्रीनची तिरपी लांबी, एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत. हाताला मात्र जाणवते ती फोनची रुंदी आणि वजन. पहिला नोट ५.३ इंचांचा होता, पण त्याची रुंदी जवळपास ८३ मिलिमीटर होती. २०२५ सालचा गॅलक्सी एस२५ अल्ट्रा ६.९ इंचांचा आहे आणि त्याची रुंदी ७७.६ मिलिमीटर. स्क्रीन कितीतरी मोठी, तरीही मुठीत तो जास्त बरा बसतो. मधल्या काळात स्क्रीनभोवतीच्या रिकाम्या कडा गेल्या आणि २०१७च्या सुमारापासून फोन उंच होत गेले. पूर्वी लांबी-रुंदीचं प्रमाण १६:९ असायचं, आता ते २०:९च्या आसपास असतं.

याचा परिणाम मोजून बघण्यासारखा आहे. जुन्या साडेपाच इंची, १६:९ प्रमाणाच्या स्क्रीनची रुंदी साधारण ६८ मिलिमीटर भरते. आजच्या ६.७ इंची, २०:९ प्रमाणाच्या स्क्रीनची रुंदी भरते ७० मिलिमीटर. रुंदीत जेमतेम एक-दीड मिलिमीटरचा फरक, पण लांबी १२२ मिलिमीटरवरून १५५वर गेलेली. म्हणजे फोन उभा धरला, तर एका ओळीत मावणारी अक्षरं जवळपास तेवढीच राहतात आणि कीबोर्डच्या कळाही फारशा रुंद होत नाहीत. वाढतात त्या खालच्या ओळी. नवीन मोठा फोन घेऊनही टायपिंगच्या चुका तेवढ्याच होतात, अशी तक्रार असेल तर तिचं उत्तर या आकड्यांत आहे.

म्हणून खरेदीच्या वेळी तीन गोष्टी विचारा. पहिली रुंदी. ७५ मिलिमीटरच्या आतला फोन बहुतेकांच्या मुठीत आवळता येतो. ७८च्या पुढे गेला, की लहान तळव्यांना तो कठीण जातो. दुसरी गोष्ट वजन. २०२४चा एस२४ अल्ट्रा २३२ ग्रॅमचा होता, पुढच्या वर्षीचा एस२५ अल्ट्रा २१८ ग्रॅमचा झाला. कागदावर हा फरक किरकोळ दिसतो, पण अर्धा तास हातात धरल्यावर मनगटाला तो कळतो. कव्हर आणि वरची काच धरून मोठे फोन सहज अडीचशे ग्रॅमपर्यंत जातात, तेव्हा दुकानात फोन उघडा नको, कव्हर घालून हातात घ्या. तिसरी गोष्ट म्हणजे स्क्रीनच्या कडा सपाट आहेत की वळणाच्या. वळणाच्या कडा दिसायला देखण्या असतात, पण मोठा फोन धरताना तळवा त्यांना लागून नको ते बटण दाबलं जातं आणि त्यांच्यावर नीट बसणारी टेम्पर्ड काच मिळायलाही त्रास होतो. रोजच्या वापराला सपाट स्क्रीन बरी.

दुकानातली दोन मिनिटं पुरत नाहीत. ओळखीत कुणाकडे तोच फोन असेल, तर एक संध्याकाळ मागून घ्या आणि आपण रोज जे करतो ते त्यावर करा. फोन लावा, मेसेज लिहा, झोपून वाचा, खिशात घालून जिना चढा.

पाटीसारखा धरा

मोबाइल कसा धरला जातो याचा अभ्यास करणाऱ्या स्टीव्हन हूबर यांनी २०१३मध्ये रस्ते, स्टेशनं, बस अशा सार्वजनिक ठिकाणच्या १,३३३ नोंदी प्रसिद्ध केल्या. त्यांत स्क्रीनला स्पर्श करून फोन वापरणाऱ्यांपैकी ४९ टक्के माणसं तो एकाच हातानं वापरत होती. तेव्हाचे फोन लहान होते, म्हणून ते निभावत होतं. तीच सवय सात इंचांच्या फोनवर चालवायची, तर चार बोटं मागे, करंगळी खालून आधाराला आणि अंगठा वरच्या कोपऱ्यापर्यंत ताणलेला अशी हाताची अवस्था होते.

हा ताण अंगठ्याच्या बुंध्याशी, मनगटाच्या कडेला साठतो. अंगठा हलवणाऱ्या स्नायुबंधांच्या आवरणाला तिथे सूज आली, की कपबशी उचलताना किंवा ओला कपडा पिळतानाही कळ येते. फ्रिट्झ द केर्व्हेन या स्विस शल्यविशारदानं १८९५ साली या दुखण्याचं वर्णन केलं, त्याच्याच नावानं ते ओळखलं जातं. लहान बाळाला सारखं उचलणाऱ्या आयांमध्ये ते पूर्वीपासून दिसतं. अंगठ्यानं तासन्‌तास फोन चालवल्यानंही तिथे ताण येतो. दुखणं दोन-तीन आठवडे टिकलं, तर मलम चोळत बसू नका. हाडांच्या डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टना दाखवा.

उपाय आपल्या शाळेतलाच आहे. पाटी कशी धरायचो? एका हातावर ती विसावलेली आणि दुसऱ्या हातात पेन्सिल. मोठा फोन तसाच धरा. डाव्या तळव्यावर तो टेकवा, बोटांनी कडेचा आधार द्या आणि उजव्या हाताच्या तर्जनीनं चालवा. डावखुऱ्यांनी उलट. लांबलचक मजकूर लिहायचा असेल, तर दोन्ही हातांत धरून दोन्ही अंगठ्यांनी लिहा. करंगळीवर फोनचा भार ठेवायची सवय मुद्दाम मोडा. बसलेले असाल तर कोपरं पोटाशी किंवा टेबलावर टेकवा, म्हणजे वजन मनगटावर न येता दंडावर येतं.

मानेचाही विचार करायला हवा. अमेरिकेतले शल्यविशारद केनेथ हंसराज यांनी २०१४मध्ये मांडलेल्या गणितानुसार, ताठ स्थितीत चार-पाच किलो भरणारं डोकं ६० अंशांत खाली झुकलं, की मणक्यावर सुमारे २७ किलोंचा भार येतो. मोठ्या फोनचा इथे फायदा आहे. अक्षरं मोठी करता येतात, त्यामुळे फोन डोळ्यांपासून लांब, छातीच्या उंचीवर धरता येतो. मोठ्या फोनवरही बारीक अक्षरं ठेवून तो मांडीवर घेऊन वाचत राहिलात, तर मोठा फोन घेण्याचा उपयोगच होत नाही. शंभर-दोनशे रुपयांचा साधा स्टँड घरी ठेवा. व्हिडिओ कॉल, कीर्तन, क्रिकेटची मॅच हे सगळं स्टँडवर लावून बघा.

सगळं खाली आणा

तरीही एका हातानं फोन वापरायची वेळ येतेच. एका हातात भाजीची पिशवी असते, कडेवर मूल असतं, बसमध्ये वरची दांडी धरलेली असते. त्या वेळेसाठी फोनची मांडणी आधीच करून ठेवावी. पुढच्या सोयी बहुतेक अँड्रॉइड फोनवर आहेत. कंपनीगणिक जागा बदलते, म्हणून सेटिंग्जच्या वरच्या शोधचौकटीत नाव लिहून शोधलं, की लवकर सापडतात.

'वन-हँडेड मोड' ही पहिली. अँड्रॉइड १२पासून, म्हणजे २०२१पासून, ती मूळ प्रणालीतच आली. सॅमसंग, शाओमीसारख्या कंपन्यांनी त्याआधीच आपापल्या पद्धतीनं दिली होती. तळाशी बोट खाली ओढलं, की स्क्रीनचा वरचा भाग अंगठ्याच्या टप्प्यात येतो. दुसरी सोय कीबोर्डची. गुगलच्या जीबोर्डमध्ये कीबोर्ड एका बाजूला सरकवता येतो आणि त्याची उंचीही वाढवता येते. कळा रुंद होत नाहीत, पण उंच होतात आणि चुका कमी होतात. मराठीत लिहिणाऱ्यांनी बोलून लिहायची सोय वापरून बघावी. स्वच्छ आणि सावकाश बोललं, तर ती पुष्कळदा बरोबर लिहिते. बाजारात, रस्त्यावर उभ्यानं लांब मेसेज टाइप करण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

तिसरी सोय नोटिफिकेशनची. बऱ्याच फोनवर होम स्क्रीनवर कुठेही बोट खाली ओढलं, की नोटिफिकेशनचा पडदा उतरतो. ते चालू करा, म्हणजे दर वेळी वरच्या कडेपर्यंत अंगठा न्यावा लागत नाही. चौथी सोय ब्राउझरची. क्रोम आणि फायरफॉक्स या दोन्हींत पत्त्याची पट्टी खाली घेता येते. आणि शेवटी होम स्क्रीन. फोन, मेसेज, कॅमेरा, पैसे भरायचं ॲप अशी रोजची चिन्हं खालच्या दोन ओळींत ठेवा. वर हवामान, दिनदर्शिका, घड्याळ अशा नुसत्या बघायच्या गोष्टी असू द्या.

ही मांडणी करायला अर्धा तास लागतो आणि पुढची तीन-चार वर्षं ती उपयोगी पडते.

आडवा केलात, तर खरा मोठा

मोठ्या फोनचा सगळ्यात मोठा फायदा बहुतेक लोक घेतच नाहीत. तो फायदा फोन आडवा केल्यावर मिळतो.

उदाहरण सातबाऱ्याचं घेऊ. महाभूलेख संकेतस्थळावरून उतरवून घेतलेला उतारा किंवा दुसरा कुठलाही सरकारी कागद साधारण ए-४ आकाराचा असतो, २१० मिलिमीटर रुंद. ६.७ इंची फोन उभा धरला, तर तो ७० मिलिमीटरांत, म्हणजे एक-तृतीयांशांत बसवावा लागतो. मूळ कागदावरची १२ पॉइंटची अक्षरं ४ पॉइंटांची होतात. औषधाच्या बाटलीवरच्या मजकुराहूनही ती बारीक. मग दोन बोटांनी मोठं करायचं, सरकवायचं, पुन्हा मोठं करायचं, आणि त्या नादात गटक्रमांक एका ओळीतला आणि क्षेत्र दुसऱ्या ओळीतलं वाचलं जातं. तोच फोन आडवा केला, की रुंदी १५५ मिलिमीटर मिळते आणि तीच अक्षरं ९ पॉइंटांच्या आसपास येतात. वर्तमानपत्राच्या अक्षरांएवढी, चष्मा लावून सरळ वाचता येतील अशी. जुन्या साडेपाच इंची फोनवर आडवं धरूनही ती ७ पॉइंटांपर्यंतच यायची. मोठ्या फोनसाठी आपण जास्तीचे पैसे मोजतो, ते या फरकासाठी.

बालभारतीची पुस्तकं पीडीएफ स्वरूपात उपलब्ध आहेत. मुलांना ती फोनवर वाचायला द्यायची असतील, तर आडवा फोन स्टँडवर लावून द्या. बँकेचं विवरण, विम्याची पॉलिसी, सोसायटीचा ताळेबंद, दवाखान्याचा रिपोर्ट हे सगळंही आडवं वाचा. 'ऑटो रोटेट' बंद असेल, तर वरचा पडदा उतरवून ते चालू करा. झोपून वाचताना स्क्रीन आपोआप फिरते म्हणून अनेकांनी ते बंद करून ठेवलेलं असतं. बंद असतानाही फोन आडवा केला, की अलीकडच्या फोनवर कोपऱ्यात फिरवायचं छोटं चिन्ह येतं. ते दाबलं, की काम होतं.

उभ्या लांबीचाही एक चांगला उपयोग आहे. २०१६च्या अँड्रॉइड ७पासून स्क्रीनचे दोन भाग करून दोन ॲप एकाच वेळी उघडता येतात. उघडलेल्या ॲपच्या यादीत जाऊन वरच्या चिन्हावर टिचकी मारा आणि 'स्प्लिट स्क्रीन' निवडा. वर पाककृतीचा व्हिडिओ, खाली सामानाची यादी. वर कुणीतरी पाठवलेला खाते क्रमांक, खाली वही किंवा कॅल्क्युलेटर. वर रेल्वेचं वेळापत्रक, खाली नातेवाइकांचा ग्रुप. लहान फोनवर हे नावापुरतं होतं. मोठ्यावर ते खरोखर कामाला येतं. बँकेची काही ॲप सुरक्षेसाठी अशी अर्ध्या स्क्रीनवर उघडत नाहीत, ते योग्यच आहे.

देवनागरीला जागा लागते

फोनवरच्या अक्षरांचा मूळ आकार बहुधा इंग्रजी डोळ्यापुढे ठेवून ठरलेला असतो. देवनागरीत रेषेच्या वर रफार, मात्रा, अनुस्वार येतात, खाली उकार येतात आणि मध्ये जोडाक्षरं. त्याच आकारात एवढं सगळं दाटीनं बसवलं, की 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांतला फरक थकलेल्या डोळ्यांना कळेनासा होतो. 'डिस्प्ले साइझ अँड टेक्स्ट' इथे जाऊन अक्षरं एक-दोन पायऱ्या मोठी करा. अँड्रॉइड १४पासून ती २०० टक्क्यांपर्यंत वाढवता येतात आणि मथळ्यांपेक्षा लहान मजकूर जास्त वाढतो, त्यामुळे मांडणी फारशी विस्कटत नाही. त्याच ठिकाणी 'डिस्प्ले साइझ'ची वेगळी पट्टी असते; तिनं बटणं आणि चिन्हंही मोठी होतात. दोन्ही थोडं थोडं वाढवून आपल्या डोळ्यांना जमेल ते ठरवा.

चाळिशीनंतर जवळचं धूसर दिसू लागलं, म्हणून मोठा फोन घेणारे पुष्कळ आहेत. त्यांना एक कळकळीची विनंती. मोठी अक्षरं ही चष्म्याची जागा घेत नाहीत. वर्षातून एकदा डोळे तपासून घ्या. वाचताना दर वीस मिनिटांनी नजर उचलून काही सेकंद लांबचं काहीतरी बघा आणि पापण्या मिटत राहा. अंधारात दिवा बंद करून वाचू नका.

बॅटरी: उष्णता हाच शत्रू

मोठ्या फोनमध्ये जागा जास्त, म्हणून बॅटरीही मोठी, साधारण ५,००० एमएएच किंवा त्याहून जास्त. तीच मोठी, उजळ स्क्रीन ती खातेही. उन्हात स्क्रीन पूर्ण उजळते, तेव्हा बॅटरी झपाट्यानं उतरते. डार्क मोडनं किती वाचते? अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१मध्ये ओएलईडी स्क्रीनवर मोजलं, तेव्हा घरात ठेवतो तेवढ्या ३० ते ५० टक्के उजेडाला बचत सरासरी ३ ते ९ टक्केच निघाली. पूर्ण उजेडाला मात्र ती ३९ ते ४७ टक्क्यांपर्यंत गेली. एलसीडी स्क्रीनवर तर डार्क मोडचा बॅटरीला जवळजवळ उपयोग नाही, कारण मागचा दिवा चालूच राहतो. तेव्हा घरात डोळ्यांना जे बरं वाटेल ते ठेवा. बॅटरी पुरतच नसेल, तर स्क्रीनचा रिफ्रेश रेट १२०वरून ६०वर आणणं आणि उजेड आवरता ठेवणं, हे आधी करून बघा.

लिथियम-आयन बॅटरीचं आयुष्य कमी करतात दोन गोष्टी: उष्णता आणि सतत शंभर टक्के भरलेलं असणं. अनेक कंपन्या ३५ अंशांपर्यंतच्या हवेत फोन वापरायला सांगतात. नागपूर, चंद्रपूर, जळगावच्या मे महिन्यात तो आकडा सकाळीच ओलांडला जातो. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर फोन ठेवू नका. उशीखाली ठेवून चार्ज करू नका. चार्जिंगला लावून व्हिडिओ कॉल किंवा खेळ सुरू ठेवू नका. फोन हाताला चटका लागेल इतका तापला, तर चार्जर काढा, कव्हर काढा आणि पंख्याखाली ठेवा. फ्रिजमध्ये मात्र कधीच नको, आत दव धरतं. बऱ्याच फोनमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय आता असते. दिवसभर घरी किंवा कार्यालयात असणाऱ्यांनी ती चालू ठेवावी. प्रवासाच्या दिवशी बंद करून पूर्ण भरून घ्यावा.

खिसा, गर्दी आणि पाऊस

सोळा सेंटिमीटर लांबीचा फोन शर्टाच्या खिशातून अर्धा बाहेर राहतो आणि बादली उचलायला किंवा विहिरीत डोकावायला वाकलं, की निसटतो. पँटच्या मागच्या खिशात ठेवून बसलं, तर वाकतो. पुढच्या खिशात ठेवून दुचाकीवर बसलं, तर मांडीत रुततो आणि हळूहळू वर सरकतो. बायकांच्या कपड्यांना तर बहुतेकदा खिसाच नसतो. म्हणून मोठ्या फोनसाठी वेगळी जागा हवी. आडवी छोटी बॅग, पर्सचा चेनचा कप्पा किंवा कव्हरला बांधायची गळ्यातली दोरी यांपैकी काहीतरी ठरवा. लोकलच्या दारात उभे असाल, तेव्हा फोन बाहेर काढू नका. मोठा फोन एका हातात सैल धरलेला असतो आणि धक्क्यानं किंवा झटक्यानं तो लगेच जातो. कव्हरच्या मागे अंगठी किंवा पट्टा लावलात, तर पडण्याचे पुष्कळ प्रसंग टळतात.

पडलाच, तर मोठी स्क्रीन फुटण्याची शक्यता जास्त आणि ती बदलायला खर्चही जास्त. फोन घेण्याआधीच त्या मॉडेलची स्क्रीन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये कितीला बदलून मिळते, ते विचारून ठेवा. कोपऱ्यांना जाड, स्क्रीनपेक्षा किंचित वर आलेल्या कडांचं कव्हर घ्या. काच बसवल्यावर बोटाचा ठसा नीट लागत नसेल, तर जुना ठसा काढून नव्यानं नोंदवा.

दुचाकीच्या हँडलला मोबाइल लावून रस्ता बघणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. बऱ्याच मोठ्या फोनच्या कॅमेऱ्यात हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी बारीक हलती यंत्रणा असते; इंजिनाच्या सततच्या थरथरीनं ती बिघडू शकते. थरथर शोषणारा रबरी माउंट घ्या किंवा फोन खिशात ठेवा आणि गाडी थांबवून रस्ता बघा. आणि वाहन चालवताना फोन हातात धरणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४खाली धोकादायक वाहन चालवणं ठरतं. मोठा फोन एका हातात धरून दुसऱ्या हातानं गाडी चालवणं तर जिवाशी खेळ आहे.

पावसाळ्यासाठी एवढंच. आयपी६८ असं लिहिलेला फोनही गोड्या पाण्यात, नवा असताना तपासलेला असतो. समुद्राचं खारं पाणी, साबणाचं पाणी, एकदा पडून सैल झालेले सांधे, हे त्या हमीत येत नाही. गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर किंवा माळशेजच्या धबधब्याखाली फोन नेताना चेनची पारदर्शक पिशवी वापरा. चार्जिंगच्या भोकात पाणी गेल्याचा इशारा आला, तर फोन उभा धरून हलकेच झटका आणि हवेशीर जागी सुकू द्या. तांदळात पुरू नका. तांदळाची भुकटी आत जाते आणि वाळायला मदत होत नाही.

हरवला, तर काय कराल

आज रात्रीच दोन कामं करा. *#०६# दाबा, आलेला १५ अंकी आयएमईआय क्रमांक, म्हणजे फोनचा ओळखक्रमांक, वहीत लिहून ठेवा. आणि गुगलची हरवलेला फोन शोधायची सोय चालू आहे का ते तपासा. पूर्वी तिचं नाव 'फाइंड माय डिव्हाइस' होतं, २०२५पासून 'फाइंड हब' झालं. फोन चोरीला गेला, तर पोलिसांत तक्रार द्या, त्याच क्रमांकाचं नवं सिम घ्या आणि केंद्र सरकारच्या संचार साथी संकेतस्थळावर तक्रारीची प्रत जोडून आयएमईआय बंद करायचा अर्ज करा. ही सोय २०२३च्या मेपासून देशभर आहे. बँकेला फोन करून व्यवहार थांबवा. खात्यातून पैसे गेले असतील, तर १९३० या क्रमांकावर लगेच कळवा. उशीर होईल तसा पैसे अडवण्याचा अवकाश कमी होतो.

आई-बाबांना, आजी-आजोबांना देताना

घरातल्या ज्येष्ठांना मोठा फोन द्यावा, असं सगळ्यांना वाटतं, आणि बहुतेकदा ते बरोबरही असतं. पण स्क्रीनबरोबर वजनही वाढतं, हे विसरू नका. ज्यांचे हात थरथरतात, बोटांत सांधेदुखी आहे, त्यांना २३० ग्रॅमच्या फोनपेक्षा १९०चा फोन जास्त सुखाचा. फोनला दोरी बांधा, स्टँड द्या. 'टच अँड होल्ड डिले' वाढवला, तर थरथरत्या बोटानं चुकीचं दाबलं जाणं कमी होतं. सॅमसंगवरचा 'ईझी मोड' मोठी चिन्हं आणि साधी मांडणी देतो. घंटी ऐकू येत नसेल, तर फोन आला की दिवा लुकलुकण्याची सोय चालू करा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फोन देऊन निघून जाऊ नका. शेजारी बसून त्यांच्या बोटानं, त्यांच्या गतीनं शिकवा. फोन आडवा करून सातबारा किंवा नातवंडांचे फोटो बघायला ते एकदा शिकले, की फोनची भीती जाते आणि पुढचं ते स्वतः शोधून काढतात.

जास्त वर्षं वापरायचा म्हणून घ्या

मोठ्या फोनवर पैसे घालवताना तो किती वर्षं चालेल हा प्रश्न कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलपेक्षा महत्त्वाचा. २०२३च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या पिक्सेल ८पासून गुगलनं आणि २०२४च्या जानेवारीतल्या गॅलक्सी एस२४पासून सॅमसंगनं सात वर्षांच्या अपडेट देण्याचं जाहीर केलं. स्वस्त फोनना ती मुदत कमी असते. सुरक्षेच्या अपडेट किती वर्षं मिळतील हे दुकानदाराला विचारा आणि कंपनीच्या संकेतस्थळावर ताडून घ्या. तीन वर्षांनी फोन मंदावल्यासारखा वाटला, तर आधी बॅटरी बदलून बघा. पुष्कळदा तेवढ्यानं तो पुन्हा दोन वर्षं नीट चालतो आणि घरात आणखी एक ई-कचरा वाढत नाही.

एवढं सगळं एका दिवसात करायचं नाही. या आठवड्यात तीन गोष्टी करा: अक्षरं दोन पायऱ्या मोठी करा, रोजची चिन्हं खालच्या ओळींत आणा आणि घरी असताना फोन दोन हातांनीच वापरायचा असं ठरवा. आठवड्यानंतर अंगठ्याला आणि मानेला विचारा. त्यांचं उत्तर समाधानाचं असेल, तर फोन तुमच्यासाठी योग्य आहे. तसं नसेल, तर पुढचा फोन घेताना इंचांचा आकडा बाजूला ठेवून आपल्या तळव्याच्या मापाचा फोन निवडा. तो थोडा लहान निघाला, तरी निवड बरोबरच असेल.